कॅराव्हॅनचे जॅक: आधी स्वच्छता, मग वंगण

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेली ही वाहने आपल्या भागातही दिसू लागली आहेत. वेरूळ-अजिंठा पाहून पैठणकडे उतरणारी, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही तिन्ही ज्योतिर्लिंगे एकाच फेरीत करणारी, तुळजापूरला देवीचे दर्शन घेऊन पुढे नळदुर्गचा किल्ला पाहणारी कुटुंबे त्यांतून येतात. या वाहनांविषयी जे लिहिले आणि बोलले जाते ते बहुतेक गाद्या, वातानुकूलन आणि भाडे यांविषयीचे असते. वाहन उभे केल्यानंतर ज्यांच्यामुळे ते स्थिर राहते त्या चार कोपऱ्यांवरच्या जॅकविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. वाहनदुरुस्तीच्या कामात आयुष्य गेल्यामुळे या जॅकची स्वच्छता आणि वंगण यांविषयी, आणि विशेषतः मराठवाड्याच्या मातीत व हवेत ते काम कसे करावे याविषयी, सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय अर्धवट सांगितला तर वाचणारा वंगणाचा डबा घेऊन थेट कामाला लागेल आणि जॅकचे नुकसानच करील, म्हणून ते शक्यतो न कापता छापावे ही विनंती.

प्रथम या जॅकचे काम काय आणि काय नाही हे स्पष्ट केले पाहिजे. कॅराव्हॅन कितीही भक्कम दिसली तरी तिचा सांगाडा स्प्रिंगांवर आणि हवा भरलेल्या टायरांवर उभा असतो. त्यामुळे आत कोणी चालले, कूस बदलली किंवा बाहेर वावटळ उठली की ती हलते. चारही कोपऱ्यांवरचे जॅक जमिनीपर्यंत सोडून किंचित घट्ट केले की हे हलणे थांबते. म्हणजे हे जॅक टेकू देणारे आहेत. वाहन उचलणारे नाहीत. पंक्चर झालेले चाक काढण्यासाठी वापरावयाचा जॅक वेगळा असतो. वाहनाचा भार शेवटपर्यंत चाकांवरच राहिला पाहिजे. जमीन उताराची असेल तर आधी खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या किंवा रॅम्प देऊन वाहन समतल करावे आणि त्यानंतरच जॅक सोडावेत. जॅकच फिरवून वाहन समतल करण्याचा प्रयत्न केला तर सांगाड्याला पीळ बसतो, दरवाजा चौकटीत अडकू लागतो आणि जॅकचा स्क्रू वाकतो. असा वाकलेला स्क्रू कितीही स्वच्छ केला आणि त्याला कोणतेही वंगण दिले तरी सुरळीत फिरत नाही. तो बदलावाच लागतो.

आपल्याकडच्या वाहनांना बहुधा कात्री जॅक बसवलेले असतात. चार भुजांच्या चौकोनातून एक लांब आडवा स्क्रू जातो. त्याच्या एका टोकाला नट असतो आणि दुसऱ्या टोकाला दाब सोसणारा वॉशर किंवा बेअरिंग असते. हँडल फिरवले की दोन्ही टोके एकमेकांकडे ओढली जातात आणि जॅक उभा होतो. यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जॅक पूर्ण मिटलेला असताना भुजा जवळजवळ आडव्या असतात, आणि त्याच स्थितीत स्क्रूला सर्वांत जास्त ओढ लावावी लागते; तो जसजसा उभा होतो तसतसे काम हलके होत जाते. शिवाय या प्रकारच्या स्क्रूचे आटे मुद्दामच असे ठेवलेले असतात की भार आला तरी ते आपोआप उलटे फिरू नयेत, आणि अशा स्क्रूमध्ये आपण लावलेल्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक श्रम घर्षणातच खर्च होतात. नवा, स्वच्छ जॅकही थोडा जड वाटतो तो यामुळे. त्यात आटे कोरडे पडले, गंजले किंवा मातीने भरले की अडचण नेमकी जॅक मिटलेला असताना जाणवते. मग कोणी हँडलवर लांब पाइप चढवतो, कोणी हातोडा मारतो, तर कोणी चाकाचे नट सोडवण्याची इम्पॅक्ट गन लावतो. स्क्रूचे टोक पिळवटणे, नटाचे आटे निघून जाणे आणि भुजांच्या बिजागऱ्यांतील पिना वाकणे हे सगळे या धसमुसळेपणातून घडते. दोष जॅकच्या बांधणीत नसतो. त्याला वेळेवर कोणी पुसलेले नसते.

आता आपल्या मातीविषयी. हे जॅक चाकांच्या मागेपुढे, सांगाड्याच्या अगदी तळाशी लटकलेले असतात, त्यामुळे चाकांनी उडवलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्यावर येते. मराठवाड्यात ही माती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा अपाय निरनिराळा आहे. काळी माती अतिशय बारीक कणांची आणि चिकट असते. ती पाणी शोषून फुगते आणि पुष्कळ दिवस ओल धरून ठेवते. नटाच्या आत किंवा जॅकच्या पायपट्टीच्या (जमिनीवर टेकणाऱ्या तळपट्टीच्या) बिजागरीत अडकलेला काळा चिखल बाहेरून वाळलेला दिसला तरी आतून ओलसर राहतो आणि तेथे गंज धरतो. मुरमाच्या व खडीच्या रस्त्यांवरचा फुफाटा याच्या उलट आहे. तो कोरडा असतो, गंज आणत नाही. पण त्यात बेसाल्टचा कठीण चुरा असतो आणि तो आट्यांच्या फटींत शिरून लोखंड झिजवतो. आपल्या भागात वाहन एका ऋतूत एका मातीतून आणि दुसऱ्या ऋतूत दुसऱ्या मातीतून जाते, इतकेच नव्हे तर शेतशिवारातून मुख्य रस्त्यावर येताना एकाच दिवशी दोन्हींतून जाते. त्यात एखादे वाहन कोकणात समुद्रकिनारी मुक्काम करून आले असेल तर खारी हवा आणि खारी वाळूही सोबत येते. अशा वाहनाचे जॅक परतल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडे केले नाहीत तर गंज फार झपाट्याने पसरतो.

या परिस्थितीत आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे उघड्या स्क्रूवर ग्रीसचा जाड थर लावणे. ग्रीसगनने सस्पेन्शनच्या निपलमध्ये ग्रीस भरण्याची सवय हाताला असते, आणि जे हलते त्याला ग्रीस द्यावे हा नियम मनात पक्का असतो. परंतु निपलमधून जाणारे ग्रीस बंद जागेत जाते; तेथे धूळ पोचत नाही. जॅकचा स्क्रू उघडा असतो. त्याच्यावरचे ग्रीस धूळ ओढून घेते, धरून ठेवते आणि हँडल फिरवताच ती नटात घेऊन जाते. इंजिनाचे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवण्यासाठी जी लॅपिंग पेस्ट वापरतात ती तरी काय असते? ग्रीसमध्ये मिसळलेले कठीण कणच. धुळीच्या रस्त्यावर ग्रीस माखलेला स्क्रू फिरवणे म्हणजे नटाला आतून लॅपिंग पेस्ट लावणे होय. अशा जॅकमध्ये नटाचे आटे पातळ होत जातात, जॅक हाताला हलका लागत असल्यामुळे मालकाला शंका येत नाही, आणि एके दिवशी भाराखाली आटे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे जळके ऑइल चोपडण्याची पद्धत. ते फुकट मिळते, एवढाच त्याचा गुण. वापरून झालेल्या इंजिन ऑइलमध्ये काजळी, आम्ल आणि धातूचे बारीक कण असतात. ते उन्हाने पातळ होऊन ठिबकते आणि ज्याच्या शेतात आपण पाहुणे म्हणून वाहन उभे केले त्याच्या मातीत मुरते. माझी सर्व गॅरेजवाल्या बांधवांना कळकळीची विनंती आहे की जॅकसाठी तरी ही सवय सोडावी.

कामाला हात घालण्यापूर्वी सुरक्षिततेची तयारी करावी, आणि या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. वाहन कठीण, सपाट जागेवर उभे करावे, हँडब्रेक ओढावा, गिअर घालावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्याची किंवा दगडाची उटी लावावी. त्यानंतर जॅक जमिनीला टेकणार नाही इतपतच खाली सोडावा, म्हणजे त्याच्यावर भार नसतो आणि आट्यांचा बराचसा भाग उघडा पडतो. काम बाजूने हात घालून करावे. केवळ या जॅकच्या भरवशावर वाहनाखाली शिरणे प्राणावर बेतू शकते. खाली जाणे अटळच असेल तर भार पेलणारे अ‍ॅक्सल स्टँड लावावेत किंवा वाहन गॅरेजच्या खड्ड्यावर न्यावे. वरून गंज आणि माती डोळ्यांत पडते, म्हणून चष्मा लावावा आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा.

स्वच्छतेची सुरुवात कोरडीच करावी. वाळलेल्या काळ्या मातीवर एकदम पाण्याचा फवारा मारला तर तिचा पुन्हा चिखल होतो आणि तो आट्यांच्या तळाशी जाऊन बसतो. लाकडाच्या पातळ काडीने बिजागऱ्यांतील आणि पायपट्टीवरील ढेकळे पाडावीत, मग ताठ केसांच्या ब्रशने स्क्रू संपूर्ण लांबीवर झाडून घ्यावा. जुने ग्रीस असेल तर ते चिंधीने ओरबाडून काढावे आणि उरलेले डिग्रीझर स्प्रेने किंवा थोड्या रॉकेलने विरघळवावे. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, म्हणून अनेक जण डिझेल वापरतात. ते चालते, पण डिझेलचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते, तेव्हा शेवटी कोरड्या कपड्याने तो पूर्ण पुसणे आवश्यक आहे. पेट्रोल कदापि वापरू नये. कॅराव्हॅनमध्ये स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर आणि विजेच्या जोडण्या असतात. तिच्याखाली पेट्रोलची वाफ साठवणे हा जाणूनबुजून ओढवलेला धोका आहे. सर्व्हिसिंग सेंटरमधील जोरदार पाण्याची तोटीही थेट नटावर, बेअरिंगवर किंवा मोटारीवर रोखू नये, कारण त्या दाबाने पाणी आणि माती दोन्ही आत ढकलली जातात आणि आतले उपयोगी ग्रीस मात्र बाहेर येते. पाण्याने धुतलेच तर हलक्या धारेने धुवावे आणि नंतर हवेच्या नळीने किंवा उन्हात जॅक पूर्ण वाळू द्यावा. ओलसर आट्यांवर वंगण मारले तर पाणी खालीच कोंडले जाते.

गंज दिसला तर तो किती खोल आहे हे आधी पाहावे. वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने निघतो. मात्र अनेक जॅकच्या स्क्रूवर जस्ताचा मुलामा असतो, आणि पोलादी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर जोराने घासला की गंजाबरोबर तो मुलामाही जातो. मग पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो. अशा ठिकाणी पितळी तारेचा ब्रश बरा. जाम झालेल्या नटावर गंज सोडवणारे पातळ तेल मारून ते झिरपायला पुरेसा वेळ द्यावा, रात्रभर दिला तर उत्तम, आणि मग हँडल थोडे पुढे, थोडे मागे असे सावकाश फिरवावे. जोर लावून एकाच दिशेने रेटण्यापेक्षा असे मागेपुढे करताना अडकलेले कण बाहेर पडतात. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. डब्ल्यूडी-40 या नावाने जो निळा-पिवळा डबा प्रत्येक गॅरेजमध्ये असतो, त्यातील मूळ द्रव पाणी हटवण्यासाठी तयार झाला होता, आणि त्याच्या नावातील डब्ल्यूडी ही दोन अक्षरेही (वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणे) तेच सांगतात. जाम सोडवायला आणि ओल काढायला तो उत्तम आहे, पण टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. तो मारल्यावर जॅक तेवढ्यापुरता हलका होतो, मालक समाधान पावतो, आणि काही दिवसांत आटे पुन्हा कोरडे पडतात. त्याच कंपनीची कोरडी आणि सिलिकोनची वंगणेही वेगळ्या डब्यांत मिळतात. घेताना डब्यावरचा मजकूर वाचून घ्यावा.

हे सर्व झाल्यावरच वंगणाची पाळी येते, आणि त्यात खरे कौशल्य कमी देण्याचे आहे. उघड्या आट्यांसाठी कोरडा थर धरणारे वंगण घ्यावे. पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) असलेला ड्राय ल्यूब स्प्रे किंवा सिलिकोन स्प्रे वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. तो पातळसर मारावा, त्यातील द्रव उडून जाईपर्यंत थांबावे, मग जॅक शेवटपर्यंत उघडून पुन्हा पूर्ण मिटवावा आणि असे दोनतीनदा करावे, म्हणजे वंगण नटाच्या आतील आट्यांपर्यंत पोचते. बाहेर आलेला जास्तीचा अंश पुसून टाकावा. हाताला लागेल इतके वंगण वर शिल्लक असेल तर ते धुळीसाठीच शिल्लक आहे असे समजावे. भुजांच्या बिजागऱ्यांवर थेंबभर पुरे. पायपट्टीची बिजागरी जमिनीजवळ असल्यामुळे तिलाही कोरडेच वंगण द्यावे. ग्रीसला खरी जागा आहे ती स्क्रूच्या टोकावरच्या दाब सोसणाऱ्या वॉशरची किंवा बेअरिंगची, कारण ती जागा बरीचशी झाकलेली असते आणि तेथे दाब मोठा असतो. तेथे पांढरे लिथियम ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतके लावावे. उत्पादकाने निपल दिले असेल तर तेथे ग्रीसगन अवश्य वापरावी. जॅकबरोबर आलेल्या पुस्तिकेत याहून वेगळे काही सांगितले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे, माझे नव्हे. आणि फवारा मारताना ब्रेकच्या ड्रमवर, डिस्कवर किंवा टायरवर एक थेंबही उडू नये म्हणून मागे पुठ्ठा धरावा.

काही वाहनमालक मला विचारतात की वंगण दिल्याने जॅक गुळगुळीत होऊन रात्री आपोआप खाली तर बसणार नाही ना. ही शंका रास्त आहे. वर म्हटल्याप्रमाणे या स्क्रूच्या आट्यांचा चढ इतका कमी असतो की पातळ वंगण दिल्यावरही भाराने तो उलटा फिरत नाही. प्रवासातले हादरे मात्र वेगळे. खडबडीत रस्त्यावर सैल मिटवलेला जॅक हळूहळू उतरू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी चारही जॅक शेवटपर्यंत मिटवून हँडलने घट्ट आहेत की नाहीत हे पाहावे. जॅक जड झाला की लोक तो पूर्ण मिटवण्याचा कंटाळा करतात, ‘जाईल एवढ्यावर’ म्हणतात, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर पायपट्टी आपटते. गॅरेजमध्ये येणाऱ्या वाकलेल्या जॅकपैकी बरेचसे असेच वाकलेले मी पाहिले आहेत. मोटारीने चालणाऱ्या जॅकमध्ये हाच प्रकार जास्त महाग पडतो, कारण कोरड्या स्क्रूचा भार मोटारीवर येतो. तेथे आटे वरीलप्रमाणेच स्वच्छ करावेत, काम करताना बॅटरीची जोडणी काढावी आणि मोटारीच्या बंद पेटीत काहीही फवारू नये.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, जॅकची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे आणि येथे वरचे नियम लावले तर नुकसान होते. त्याचा चकचकीत दांडा क्रोमचा मुलामा दिलेला असतो व तो रबरी सीलमधून आत-बाहेर होतो. त्याला तारेचा ब्रश लावू नये आणि ग्रीसही लावू नये. ब्रशने पडलेला बारीकसा ओरखडाही सील कापत राहतो, आणि ग्रीसला चिकटलेली धूळ सीलपाशी साठून तेच करते. मऊ, स्वच्छ कापडाने दांडा पुसावा, आणि उत्पादकाने सांगितले असेल तरच सिलिकोनचा हलका हात फिरवावा. तेलाची पातळी जॅक मिटलेल्या स्थितीत तपासावी. तेल दुधासारखे दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे. वाहन महिनोन्‌महिने उभे ठेवायचे असल्यास दांडे बाहेर ठेवू नयेत, कारण उघडा दांडा धूळ आणि दव दोन्ही खातो.

जॅक कमी मळावा यासाठी त्याच्याखाली फळी घालण्याचा साधा उपाय आपल्या काळ्या रानात फारच महत्त्वाचा आहे. समजा एका जॅकवर 300 किलो भार आला आणि त्याची पायपट्टी 10 सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असली, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला 3 किलो दाब पडतो. त्याच पायपट्टीखाली 30 बाय 30 सेंटिमीटरची जाड फळी ठेवली की तोच दाब एक नवमांश, म्हणजे साधारण 0.33 किलो इतका उतरतो. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत पहिल्या स्थितीत पाय रुततो, आणि रुतलेला पाय बाहेर ओढताना खालच्या बिजागऱ्या चिखलाने भरून जातात. दुसऱ्या स्थितीत बहुधा तसे होत नाही. फळी वाकणार नाही इतकी, निदान दोन इंच जाडीची असावी. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळलेली असते. वरून घट्ट दिसणारा पापुद्रा भेगेच्या काठाशी ढासळतो आणि जॅक तिरका होतो, म्हणून फळी तेव्हाही हवीच. मुसळधार पावसानंतर मात्र काळ्या रानात वाहन उभेच करू नये. मुरमाड माळ किंवा डांबरी जागा शोधावी.

हे काम किती वेळा करावे असे विचारले तर मी शेतीच्या वेळापत्रकाशी जोडून सांगतो, म्हणजे ते विसरत नाही. मृगापूर्वी एकदा, कारण उन्हाळाभराचा फुफाटा पावसाच्या पाण्यात मिसळण्याआधी निघाला पाहिजे. परतीचा पाऊस सरला की दिवाळीच्या आसपास दुसऱ्यांदा, कारण आपल्याकडचा पर्यटनाचा खरा हंगाम तेव्हापासून सुरू होतो. याखेरीज समुद्रकिनाऱ्यावरून किंवा चिखलातून परतल्यावर, आणि हँडल फिरवताना किरकिर ऐकू आली की लगेच. स्वच्छ करताना जॅकचे वेल्डिंग तडकलेले नाही ना, सांगाड्याला धरणारे बोल्ट सैल नाहीत ना, बिजागऱ्यांच्या पिना आणि त्यांतील कॉटर जागेवर आहेत ना, हेही पाहून घ्यावे. मातीचा लेप असेपर्यंत यातले काहीच दिसत नाही.

भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनांत मात्र हे सर्व कोणी करायचे हा प्रश्न आहे. वाहन मालकाचे, चालक पगारी आणि वापरणारा पाहुणा. जॅक कोणाचाच नसतो. म्हणून भाड्याने कॅराव्हॅन देणाऱ्या व्यावसायिकांनी वाहन परत घेताना ज्या नोंदवहीत डिझेल आणि ओरखडे लिहिले जातात त्याच नोंदवहीत चारही जॅक पूर्ण उघडून मिटवून पाहिल्याची नोंद ठेवावी, आणि वंगणाची तारीख लिहावी. भाड्याने घेणाऱ्या कुटुंबानेही वाहन ताब्यात घेतानाच जॅक फिरवून पाहण्याचा आग्रह धरावा. त्याला फार वेळ लागत नाही. हीच गोष्ट रक्तसंकलनाच्या, दंतचिकित्सेच्या आणि फिरत्या दवाखान्याच्या वाहनांना लागू आहे, किंबहुना अधिक लागू आहे, कारण तेथे वाहन हलले तर रुग्णाच्या हातातील सुई हलते.

पर्यटन विभागाकडे आणि कॅराव्हॅन पार्क उभारू इच्छिणाऱ्यांकडे माझे एवढेच मागणे आहे की प्रत्येक वाहनाच्या जागेवर चार जॅकखाली येतील असे सिमेंटचे पक्के चौथरे आणि हलक्या धारेचा एक नळ द्यावा. आपल्या जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फिटर आणि मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम चालतात. स्क्रूच्या आट्यांचे प्रकार त्या मुलांना शिकवले जातातच. त्यांच्या प्रात्यक्षिकात एका जुन्या कात्री जॅकची स्वच्छता आणि वंगण यांचा समावेश झाला तर पुढच्या हंगामात अजिंठ्याच्या किंवा माहूरच्या रस्त्यावर जॅक अडकलेल्या प्रवाशाला जवळच्या तालुक्याच्या गावी हे काम नीट जाणणारा मुलगा भेटेल. यासाठी जुना जॅक आणि लागणारे ब्रश, स्प्रे मी स्वखर्चाने देण्यास आणि दाखवण्यास येण्यास तयार आहे. इच्छुक संस्थांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, अंबाजोगाई